‘ड’ वर्गाचं वाचनालय

रोवणी सुरू झाली की आमच्या वाचनालयातल्या खुर्च्या रिकाम्या पडतात. पवनी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठचं हे गाव धानावर जगतं. आषाढात पावसानं जोर धरला की हातपाय चालणारी सगळी माणसं बांधीत उतरतात. संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन घरी आल्यावर पुस्तक उघडण्याचं त्राण कुणात उरत नाही. श्रावण सरता सरता एकेक चेहरा पुन्हा दिसू लागतो आणि पोळा झाला की पेपरच्या टेबलाभोवती गर्दी होते. मोहफुलं वेचायला पहाटे उठलेली माणसं मार्च-एप्रिलच्या दुपारी सावलीला येऊन बसतात. मे महिन्यात मोठी माणसं तेंदूपानांच्या मागे जंगलात आणि सुट्टी लागलेली पोरं आमच्याकडे. वर्षभराची हजेरीवही उघडली तर तिच्यात गावाचं पीकपाणी दिसतं. तपासणीला येणाऱ्या साहेबांना हे दरवेळी समजावून सांगावं लागतं, की जुलैत देवघेव कमी झाली म्हणजे गावाचं वाचन आटलं असं नव्हे. पाऊस चांगला झालाय.

मी इथली ग्रंथपाल. शासनदरबारी ‘ड’ वर्ग, म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयांच्या अ, ब, क, ड या उतरंडीतली शेवटची पायरी. ग्रामपंचायतीनं दिलेली एक खोली, लोखंडी कपाटं, मधे एक लांब टेबल, भिंतीला लागून दोन बाक. ग्रंथपाल मीच, लिपिक मीच, झाडू मारणारीही मीच. लग्न होऊन या गावी आले तेव्हा बारावी झालेली सून म्हणून सासऱ्यांच्या मित्रांनी, म्हणजे तेव्हाच्या कार्यकारी मंडळानं, ‘सूनबाई बसेल का दोन-दोन तास’ असं विचारलं. मला तर घराबाहेर पडायला निमित्त हवंच होतं. पुढे उन्हाळ्यात चालणारा ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग केला. तिथं दाखल नोंदवही कशी ठेवायची, वर्गीकरण कसं करायचं, पुस्तकाच्या कोणत्या पानांवर शिक्का मारायचा, हे शिकले. मराठी साहित्याचा ड्यूई क्रमांक ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, हे अजून झोपेतून उठवलं तरी सांगेन.

त्याच वर्गात एस. आर. रंगनाथन यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. मद्रासला गणित शिकवणारा हा माणूस १९२४ मध्ये विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि १९३१ मध्ये त्यानं ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. परीक्षेसाठी मी ते पाठ केले. ते कळायला मात्र गावातले लोक कामाला आले.

कारण आमच्याकडे पुस्तक मागायला येणारा माणूस लेखकाचं नाव सांगत नाही, विषयही सांगत नाही. “मॅडम, मागच्या खेपेला नेलं होतं ना, तसंच दुसरं द्या जी.” आता ते मागच्या खेपेचं कोणतं, आणि ‘तसंच’ म्हणजे कसं? त्यात नदी होती म्हणून आवडलं, की त्यातली सासू शेवटी वठणीवर आली म्हणून? हे ओळखायचं तर माणूस माहीत असावा लागतो. तो बसतो कुठं, पेपरातलं कोणतं पान आधी उघडतो, घरात कोण आजारी आहे, धान विकलं गेलं की नाही. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ देणं म्हणजे हे सगळं ठाऊक असणं. कोणत्याही यंत्राला हे काम जमेल असं मला वाटत नाही, आणि जमलं तरी त्याला कुणी ‘माझ्या मायची तब्येत बरी नाही, काही हलकंफुलकं द्या’ असं सांगेल असंही वाटत नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे वेगळीच मागणी येते. हा झाडीपट्टीचा मुलूख. धान घरात आलं की गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. दहा-अकराला पडदा उघडतो तो उजाडेपर्यंत. मोठ्या मंडळ्या आता वडशाहून ठरवून येतात, पण गावातल्या हौशी पोरांचं नाटक अजून टिकून आहे. त्यांचा म्होरक्या येऊन ८९१.४६२ च्या कपाटापुढे बसकण मारतो. त्याला क्रमांकाशी देणंघेणं नाही. त्याला हवं असतं कमी स्त्री-भूमिकांचं, भरपूर रडण्याचं आणि मधे हसवणाऱ्या दोन पात्रांचं नाटक. पुस्तक सापडलं की इथंच टेबलावर बसून वह्यांमध्ये नकला उतरवल्या जातात. एक जण वाचतो, बाकीचे आपापल्या पात्राचं तेवढं लिहून घेतात. माझ्या सगळ्या संग्रहात सर्वांत जास्त वेळा बांधणीला गेलेली पुस्तकं नाटकांची आहेत. ‘एकच प्याला’ची आमची प्रत तर इतकी शिवली गेली आहे की तिची आतली समासाची जागाच संपली. शब्द टाक्यांत शिरलेत. पोरं तरीही तीच मागतात, कारण त्या प्रतीत कुणीतरी पेन्सिलीनं ‘इथे थांबणे’, ‘इथे मागे वळणे’ असं लिहून ठेवलंय. पुस्तकात लिहू नये हा नियम मी सगळ्यांना लावते. या प्रतीवरच्या खुणा मात्र मी पुसू दिल्या नाहीत.

बिडीच्या घरातल्या एका मुलीबद्दल लिहायलाच हवं. भंडारा आणि गोंदिया या पट्ट्यात बिड्या वळण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या घराघरात चालत आलंय. पानं भिजवायची, साच्यावर कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची. सुपाला लागलेले हात दिवसभर मोकळे होत नाहीत. ही मुलगी सातवीत होती. आठवड्याला एक पुस्तक न्यायची आणि न चुकता वेळेवर आणायची. तिनं आणलेलं पुस्तक डोळे मिटूनही ओळखता यायचं, त्याला तंबाखूचा वास असायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, मी मोठ्यानं वाचते, माय आणि मावशी वळता वळता ऐकतात. शेजारच्या दोघी-तिघी आपापली सुपं घेऊन त्यांच्याच ओसरीवर येऊन बसतात. पुस्तकही त्या बाया निवडायच्या. मुलीच्या हाती निरोप यायचा: “राजाराणीचं नको. आपल्यासारख्या बायांचं पाहिजे.” मग मी आत्मचरित्रं द्यायला लागले, दलित लेखिकांची, शेतकरी घरातल्या बायांची. एक पुस्तक ऐकून झाल्यावर त्या ओसरीवर दोन दिवस कुणी काही नवं वाचूच दिलं नाही, नुसत्या बोलत बसल्या, असं ती मला सांगून गेली. केरळात कण्णूरच्या दिनेश बिडी सहकारी संस्थेतही अशीच रीत होती. कामगारांमधलाच एक जण पेपर आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा आणि त्याच्या वाट्याचं काम बाकीचे उचलायचे. आमच्या ओसरीला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. हात गुंतलेले आणि कान मोकळे असले की माणसाला हे आपसूक सुचतं. पुस्तक मात्र कुठून तरी यावं लागतं. त्या घरात ते विकत आणलं गेलं नसतं.

आमच्या संग्रहातला मोठा भाग कसा जमला तेही सांगते. अनुदानातून दरवर्षी पुस्तकं घेतो, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून काही येतात. पण कपाटाचे दोन खण भरले ते दीक्षाभूमीमुळे. दसऱ्याला नागपूरला जाणारी आमच्या गावातली माणसं परतताना पुस्तकं घेऊन येतात. घरात कोरड्या भाकरीची चणचण असलेला माणूसही त्या दिवशी एक तरी पुस्तक विकत घेतो. बाबासाहेबांचा या जिल्ह्याशी थेट संबंध. १९५४ मध्ये ते भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे होते. ती निवडणूक ते हरले, पण त्या प्रचारसभांच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. ती सांगताना निकालाबद्दल फारसं बोलत नसत. साहेब पुस्तकांबद्दल बोलत, ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली होती. वाचून झालेली पुस्तकं हे लोक वाचनालयात आणून देतात. पहिल्या पानावर आपलं नाव लिहा म्हटलं तर संकोचतात आणि आई-वडिलांचं नाव लिहून घेतात. दाखल नोंदवहीत ‘भेट’ या रकान्यात अशी कितीतरी नावं आहेत. ज्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं त्यांची.

आणि एक पुस्तक, ज्याच्यामुळे या खोलीचं महत्त्व मला सगळ्यांत जास्त पटलं.

आमच्या तालुक्याचं पवनी जुनं गाव. तटबंदी आहे, दरवाजा आहे, घाट आहेत, पावलागणिक देवळं. कोष्ट्यांचे माग होते, पवनीच्या रेशीमकाठी कापडाला एके काळी नाव होतं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण गावाबाहेरच्या जगन्नाथ टेकडीच्या मातीखाली काय होतं, ते टेकडीवर शेळ्या चारणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला, तो १९७२ मध्ये विद्यापीठानं छापला. दोन हजार वर्षांहून जुना स्तूप, त्याभोवतीच्या दगडी कठड्याचे खांब, त्यांवर दान देणाऱ्यांची कोरलेली नावं, आणि एका खांबावर फणा काढलेला मुचलिंद नाग, नावासकट. हा अहवाल इंग्रजीत. एका निवृत्त प्राध्यापकांनी आपल्याकडची प्रत वाचनालयाला दिली. दाखल केली, क्रमांक घातला आणि कपाटात ठेवली. आमच्या गावात इंग्रजीतला उत्खनन अहवाल कोण वाचणार, असं मंडळातल्या एकाचं म्हणणं होतं. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हा नियम त्यांना कुणी शिकवला नव्हता.

वाचक आला तो आठवीतला मुलगा. त्याचं इंग्रजी बेताचंच. पण अहवालाला नकाशे जोडलेले असतात. नकाशात नदीचं वळण, टेकडी, गावाचा तट. तो बोट ठेवून बघत बसला, आणि एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, इथं आमची धुऱ्यावरची वाट जाते!” त्याचं वावर नकाशात होतं. त्यानंतर तो रोज येऊ लागला, शब्दकोश शेजारी घेऊन. एकेक परिच्छेद आम्ही मिळून लावायचो. मलाही कुठं येत होतं सगळं! ‘रेलिंग’ म्हणजे कठडा, ‘कास्केट’ म्हणजे करंडक, अशी त्यानं वहीच केली. मग त्यानं मित्रांना आणलं. पोरांचा घोळका टेकडीवर जाऊन आला आणि त्यांनी खापराचे तुकडे आणून माझ्या टेबलावर ओतले. ते परत टेकडीवर ठेवून यायला लावले, तेवढं करावंच लागलं. मग त्यांना मी आणखी सांगितलं, जे मला इथंच वाचून कळलं होतं. पंचनद्यांच्या संगमावरचं आंभोरा, जिथं ते तेव्हा होडीतून जत्रेला जायचे, तिथंच मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहिला असं मानणारी परंपरा आहे. अंबाजोगाईचंही त्यावर म्हणणं आहे आणि अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. चक्रधरस्वामींचा जिवाभावाचा शिष्य निळभट्ट भांडारेकार, तो आपल्या भंडाऱ्याचा. पोरांच्या तोंडावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. आपण मागासलेल्या जिल्ह्यातले, आपली बोली शुद्ध नाही, ‘ण’ला ‘न’ म्हणतो म्हणून शहरात हसतात, हे ऐकत वाढलेली ही मुलं. मराठी ग्रंथांच्या गोष्टीत सुरुवातीलाच आपला मुलूख येतो, हे त्यांना कुणी पाठ्यपुस्तकातून सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एका खोलीतल्या कपाटानं.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला. वर मध्य प्रदेशात प्रचंड पाऊस झाला होता, धरणांतून पाणी सोडलेलं होतं. भंडारा शहरात वस्त्याच्या वस्त्या बुडाल्या, पवनीकडचे रस्ते पाण्याखाली गेले. कोरोनामुळे वाचनालय मार्चपासून बंदच होतं. पाणी ओसरल्यावर मी कुलूप उघडलं तेव्हा दार ढकलूनही सरकेना. आत गाळ साचला होता. खालचे दोन खण पूर्ण पाण्यात जाऊन आले होते. भिजलेलं पुस्तक फुगतं, आणि लोखंडी कपाटात दाटीनं लावलेली पुस्तकं फुगली की ती अशी रुतून बसतात की ओढली तर पाठ हातात येते नि पानं मागं राहतात. कपाटाच्या पट्ट्या सुताराकडून काढून घेतल्या, तेव्हा कुठं ती सुटली.

पुस्तकं कशी वाळवायची हे कुणी शिकवलं नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका जुन्या ग्रंथपालांना फोन केला. ते म्हणाले, आधी उन्हात टाकू नका. ऊन कडक असलं की पान आखडतं, खळ सुटते, पुस्तक वेडंवाकडं होऊन बसतं. गाळ लागलेलं पुस्तक मिटलेलं असतानाच स्वच्छ पाण्यातून काढा, उघडून धुऊ नका, नाहीतर गाळ पानापानांत जाईल. मग उभं करा, पानं पंख्यासारखी पसरून, आणि वाऱ्यात ठेवा. जाड पुस्तकात दर थोड्या पानांमागे जुन्या पेपरचा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, त्याआधी जितकी हाताखालून जातील तितकी काढा. गावातली शाळा बंद होती. तिच्या व्हरांड्यात आम्ही पुस्तकं मांडली. तोंडाला रुमाल बांधलेल्या मुली, नाटकवाली पोरं, पेपर वाचायला येणारे म्हातारे, सगळे आळीपाळीनं कागद बदलत होते. दिवाळी अंक वाचवता आले नाहीत. गुळगुळीत कागद एकदा ओला होऊन चिकटला की पुन्हा सुटत नाही, अख्खा अंक विटेसारखा होतो. साध्या, खरखरीत, स्वस्त कागदावरची पुस्तकं मात्र बहुतेक सगळी परत उभी राहिली.

दाखल नोंदवहीही भिजली होती. सुरुवातीच्या वर्षांची पानं शाईच्या पेनानं लिहिलेली. ती सगळी निळी पसरून कोरी झाली. पुढची बॉलपेननं लिहिलेली. पाण्यातून जाऊनही अक्षर न अक्षर शाबूत. पहिल्या देणगीदारांची नावं अशी वाहून गेली. म्हाताऱ्यांना विचारून, पुस्तकांच्या पहिल्या पानांवरून, जमतील तितकी मी पुन्हा लिहून काढली.

त्या दिवसांत एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. टाळेबंदीच्या आधी वाचकांनी नेलेली आणि परत न आलेली पुस्तकं गावात उंचावरच्या घरांत होती. तीच कोरडी राहिली. उत्खननाचा अहवालही त्या मुलाच्या घरी होता म्हणून वाचला. राज्यात वाचनालयं १५ ऑक्टोबर २०२० पासून उघडायला परवानगी मिळाली, नेमका वाचन प्रेरणा दिन. आम्ही उघडलं तेव्हा कपाटाचे खालचे खण रिकामे होते आणि लोक पिशवीतून पुस्तकं घेऊन परत द्यायला येत होते. विलंब शुल्काचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही.

आता थोडं व्यवहाराचं. महाराष्ट्रात वाचनालयाची परंपरा जुनी. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. आमचा भाग पूर्वी मध्य प्रांतात. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आल्यावर आमच्यासारख्या गावांनाही वाचनालय काढून अनुदान मागता येऊ लागलं. त्या कायद्याचं मोल मी जाणते. लोकांनी संस्था काढायची, लोकांनी चालवायची, आणि सरकारनं हातभार लावायचा, ही कल्पना मराठी माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर होता, आपल्याकडे तो ठेवला नाही. त्यामुळे सगळा भार अनुदानावर आणि वर्गणीवर. राज्यभरात अशी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत आणि त्यांतली पुष्कळशी आमच्यासारखी लहान.

‘ड’ वर्गाला वर्षाचं अनुदान ३०,००० रुपये होतं. २०२२-२३ पासून त्यात साठ टक्के वाढ झाली, म्हणजे ४८,०००. निम्मी रक्कम वेतनावर, उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, पेपर, नियतकालिकं, वीज, बांधणी. म्हणजे पूर्वी महिन्याला १,२५० रुपये पगार, त्या वाढीनंतर २,०००. रोवणीला जाणारी बाई एका हंगामात याच्या कितीतरी पट कमावते. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. माझं घर शेतीवर चालतं आणि मला हे काम हवं होतं. पण माझ्यानंतर कोण? ज्या मुलीला मी वर्गीकरण शिकवलं ती हुशार आहे, पुस्तकांत रमते, आणि तिनं एवढ्याशा पगारावर इथं बसावं असं मी तिला कुठल्या तोंडानं सांगू? वाचनालय म्हणजे खोली नव्हे, पुस्तकंही नव्हेत. ठरल्या वेळी येऊन कुलूप उघडणारा माणूस असेल तर वाचनालय असतं. कितीतरी गावांत पाटी आहे, कपाटं आहेत, आणि दार महिनोन्‌महिने बंद आहे.

हल्ली सकाळी सर्वांत आधी येतात ती भरतीची पोरं. पहाटे रस्त्यावर धावून, अंघोळ करून, पोलीस भरतीची नाहीतर वनरक्षकाची पुस्तकं उघडून बसतात. काही मंडळी म्हणतात, वाचनालयांची आता अभ्यासिका झाली. मला त्यात वाईट वाटत नाही. त्यांच्या घरात एक खोली, एक दिवा, टीव्ही सुरू, लहान भावंडं. इथं त्यांना खुर्ची मिळते आणि कुणी ‘काय करतोस’ म्हणून विचारत नाही. मुलींच्या बाबतीत तर ही गोष्ट फार मोठी आहे. पारावर मुलगी बसू शकत नाही, चहाच्या टपरीवर नाही, नदीवर एकटी नाही. वाचनालयात ती तीन तास बसली तरी घरचे निश्चिंत असतात. गावात दुसरी अशी जागा मला दाखवा. देवळात जात आडवी येते, नाहीतर विटाळ आडवा येतो. दुकानात पैसे लागतात. शाळा दहावी-बारावीला संपते. इथं आत यायला काहीही लागत नाही. पेपर वाचायला वर्गणीही लागत नाही.

मी एक करते. भरतीच्या पुस्तकांशेजारी मुद्दाम दुसरं काही ठेवते. पातळ कवितासंग्रह, प्रवासवर्णन, झाडीबोलीतल्या कथा. डोकं शिणलं की त्यांचा हात तिकडे जातो. पोलिसात लागलेला आमचा एक मुलगा आता गडचिरोलीत आहे. सुट्टीत आला की आधी इथं येतो आणि हातात दोन पुस्तकं असतात. एक परत द्यायचं, एक भेट.

मोबाइलबद्दल विचारतात लोक. मोबाइल सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेही. सात-बाराचा उतारा कसा काढायचा, पीकविम्याचा अर्ज कसा भरायचा, हे विचारायला मोबाइल हातात घेऊनच माणसं वाचनालयात येतात, कारण त्या पडद्यावर आलेलं खरं की खोटं हे कुणाला तरी विचारावं लागतं. म्हाताऱ्या आजींना निराधार योजनेचं पत्र वाचून दाखवणं हेही मी माझंच काम समजते, नियमात लिहिलेलं नसलं तरी.

हे वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या गावात, मोहल्ल्यात असं एखादं वाचनालय असेलच. कधीकाळी तुम्ही तिथून पुस्तक नेलं असेल. पुन्हा सभासद व्हा; वर्गणी एका चहा-नाश्त्याहून जास्त नसते. पुस्तकं भेट द्यायची असतील तर चांगली द्या, फाटकी पाठ्यपुस्तकं आणि जुनी गाइडं देऊ नका, ती आम्हाला रद्दीत घालावी लागतात आणि तसं करताना देणाऱ्याचं मन मोडतं. मुलांना घेऊन जा आणि त्यांचं पुस्तक त्यांनाच निवडू द्या. आणि पुढच्या ग्रामसभेत रस्ता, नाली, पाणी यांच्याबरोबर एक प्रश्न उभं राहून विचारा, की यंदा ग्रामपंचायतीनं आपल्या वाचनालयाला काय दिलं, आणि तिथं कुलूप उघडणाऱ्या माणसाला महिन्याला किती मिळतात.